डाव्या बाजूची खुर्ची

वकीलबाईंनी वडिलांना सिनेमाला न्यायचं ठरवलं, तेव्हाच खटला अर्धा जिंकल्यासारखा त्यांचा चेहरा होता. वकीलबाई हे टोपणनाव घरातलं. प्रत्यक्षात ती औषधांच्या दुकानात हिशेब बघायची. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि लेकीला आपल्या भागीदाराच्या मुलाला द्यायची असा शब्द देऊन बसले होते. भागीदार उद्या मुलाला घेऊन घरी येणार होता. लेकीचं मन मात्र कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यात गुंतलं होतं.

"सिनेमा जुन्या काळातला आहे," तिने आईला समजावलं. "घोडागाड्या, कंदील, हातमोजे. नायिकेचा बाप शब्द देऊन बसलेला, म्हणून ती आपल्या माणसाला नाही म्हणते आणि जन्मभर झुरते. बाबा पाघळतील. मध्यंतरानंतर अंधारात चष्मेवाला येऊन माझ्या डावीकडे बसेल. दिवे लागले की ओळख करून देते. बाबांच्या डोळ्यांत पाणी असेल, तेवढ्यात उरकायचं."

"आणि नसलं तर?"

"असणार."

पहिल्या भागात नायक-नायिका एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून नुसते एकमेकांकडे बघत होते. मधे नायिकेचा बाप येऊन कंदीलच उचलून घेऊन गेला.

"शाब्बास!" वडील म्हणाले. त्यांची कुजबुज तीन रांगांना ऐकू जायची. "बाप असावा तर असा. नाहीतर तेल फुकट जळत होतं."

आईने लेकीकडे पाहिलं. "दुसऱ्या भागात," लेक शांतपणे म्हणाली.

मध्यंतर संपता संपता वडिलांनी कुरकुर सुरू केली. आयुष्यभर उजव्या डोळ्याला भिंग लावून काम केल्यामुळे त्यांचा डावा डोळा जवळपास निवृत्त झाला होता, आणि ते बसले होते नेमके रांगेच्या उजव्या टोकाला; मधे आई, तिच्या डावीकडे लेक. "मान अवघडली. वकीलबाई, तुमची खुर्ची द्या. तुम्ही सरका तिकडे डावीकडे."

"बाबा, तिकडे—"

"सरक म्हटलं ना!" ती उठताच ते तिच्या खुर्चीत बसलेसुद्धा, आणि नेहमीप्रमाणे बूट काढायला वाकले. दिवे मालवले. डावीकडची खुर्ची चष्मेवाल्याची. तिथे बसावं तर तो कुठे बसणार? लेक आईला ओलांडून वडिलांच्या रिकाम्या खुर्चीत गेली. वडिलांची मात्र खात्री, की पोरगी डाव्या हाताला बसली आहे.

चष्मेवाला ठरल्याप्रमाणे अंधारात आला, ठरल्या खुर्चीत बसला. लेकीने हात हलवले, पण तो पडद्याकडे बघत होता. सिनेमाचा अर्धा भाग हुकलेला, तरी आल्या आल्या त्याने चष्मा काढून डोळे पुसायला घेतले. एकाला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं, दुसऱ्याला चष्म्यावाचून कुठलंच.

"आई, घोटाळा झाला."

"दिसतंय. तुझं आता काय म्हणणं?"

"काही बिघडत नाही," लेक म्हणाली, पण जरा हळू.

पडद्यावर नायिका निघाली. गाडीत चढताना तिने हातमोजा काढला आणि पहिल्यांदाच नायकाच्या बोटांना बोटं लावली. चष्मेवाल्याला ते सोसवलं नाही. त्याने शेजारचा हात घट्ट धरला. घड्याळाच्या चाकांवर फिरणारा तो हात चांगला मऊ होता. आणि चष्म्याचे बारीक स्क्रू पिळणारी बोटंही काही राकट नव्हती.

वडिलांनी नाक ओढलं. पडद्यावरचा बाप आता त्याच टेबलाशी एकटाच जेवत होता.

"पोरी," ते तीन रांगांना ऐकू जाईल असं कुजबुजले, "नको रडूस. तुझ्या मनात कोण आहे ते मला माहीत नाही, पण जो असेल त्याच्याशी लग्न लावून देतो. भागीदाराला मी बघून घेईन. हा माझा शब्द."

लेकीने आईच्या दंडाला चिमटा काढला. "ऐकलंस?"

दिवे लागले. वडिलांनी मान पूर्ण डावीकडे वळवली. चष्मेवाल्याने चष्मा चढवला. हात अजून हातातच होते.

"तू कोण?"

"काका, मीच तो. तिच्या मनातला." चष्मेवाला उठून उभा राहिला. डोळे लाल, छाती पुढे. "पण मी मागे हटतो. तुमच्या दिल्या शब्दाच्या आड मी येणार नाही. कर्तव्य मोठं!"

"अरे!" लेक मधल्या खुर्च्यांवरून ओरडली. "तो सिनेमा तुझ्यासाठी नव्हता!"

"तू गप्प बस," वडील म्हणाले. "हा आमच्या दोघांतला प्रश्न आहे. काय रे, माझ्या मुलीला नाही म्हणतोस? काय कमी आहे तिच्यात?"

"काहीच नाही, काका. म्हणूनच तर त्याग—"

"त्याग गेला खड्ड्यात! मी आत्ता शब्द दिला."

"तो चुकून दिलात."

"माझ्या हातून चुकून काही होत नाही. दुरुस्त केलेलं घड्याळ परत येत नाही माझ्याकडे. उद्या सकाळी आईवडिलांना घेऊन घरी यायचं. नाही आलास, तर मी येईन तुझ्या दुकानात आणि बसून राहीन."

झाडू घेऊन आलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "लग्न ठरलं असेल तर पाय वर घ्या."

"ठरतंय," वडील म्हणाले. "काय रे?"

चष्मेवाल्याने एकदा पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं, एकदा वडिलांच्या उजव्या डोळ्याकडे. "येतो, काका."

वडिलांनी समाधानाने बूट चढवले आणि जावयाच्या खांद्यावर हात टाकून ते दाराकडे निघाले. त्याला भागीदाराची समजूत कशी काढायची ते सांगत होते. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

लेक खुर्चीतच बसून होती. आईने पर्स उचलली.

"चला वकीलबाई. शेवटी वडिलांनीच ठरवलं तुमचं लग्न. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."