सोनूबाबांची नायिका

आमचे सोनूबाब शिंपी पन्नाशीचे, मिशा झुपकेदार, आवाज डब्यात खडे वाजवल्यासारखा. पण खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावर ओढून ते लाजले, की त्यांच्यासमोर उभा असलेला मी, नाटकाचा नायक, खरोखर संवाद विसरायचो.

मयेच्या जत्रेतल्या आमच्या नाटकाला नायिका म्हापशाहून यायची, तीही नाटकाच्याच दिवशी. महिनाभर तालमीत तिच्या जागी सोनूबाब उभे राहत आणि प्रत्यक्ष नाटकात विंगेतून वाक्यं पुरवत. गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. मराठी की कोंकणी, यावरून गावात दोन तट पडलेले. दिवसभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं संध्याकाळी सोनूबाबांची नायिका बघायला एकाच चटईवर बसत. दुकानात गिऱ्हाइकाशी अस्सल कोंकणीत भांडणारे सोनूबाब तालमीत असं मराठी बोलत, की नाटक बसवणारे आमचे मास्तर ओशाळत.

त्या वर्षीचं प्रेमाचं विनोदी नाटक मास्तरांनीच लिहिलं होतं. नायकाची चिठी नायिकेच्या आत्याच्या हाती पडते, आत्या लग्नाला उभी राहते आणि आफ्रिकेहून मामा येऊन सगळं निस्तरतो. मामा आफ्रिकेला कशाला गेला होता, हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. मी कुरकुरलो की सोनूबाब म्हणत, "काणी लंगडी आसूं दी रे, चलपी बरो जाय!" आणि चालणारे ते स्वतः असे, की लंगडी गोष्ट पळत सुटे.

हट्ट मात्र एकच. कुठलंही नाटक असो, शेवटी नायकानं नायिकेला चिठी द्यायचीच. नाटकात नसली तर ते घालायला लावत. "बाये, पयलीं हात पूस, मागीर चिठी घे," असं ते दर वर्षीच्या बाईला कळवळून सांगत. बाई मान डोलवत आणि रंगमंचावर चिठी खसकन ओढून घेत. मग सोनूबाब दोन दिवस शिलाई मशीनला हात लावत नसत. बायको शालन जाऊन सात वर्षं झाली, एकटा माणूस, थोडा चक्रम झालाय, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षीची मुलगी नवी होती. दुपारीच, हात पुसायचं ऐकून ती म्हणाली, "काका, एकदा करून दाखवा ना." सोनूबाबांनी दाखवलं. ती नुसती बघत राहिली.

शेवटचा प्रवेश आला. मी चिठी पुढे केली. तिनं चिठीकडे पाहिलं, पदराला सावकाश हात पुसले, आधी तळवे, मग हातांची मागची बाजू, आणि चिठी घेतली. आता वाक्य माझं. पाठ करायची मला सवयच नव्हती, सोनूबाब होते ना! मी विंगेकडे कान लावला. काहीच नाही. तिरकं पाहिलं तर सोनूबाब तोंडात पंचा कोंबून रडत होते. मी मुका, ती मुकी, मंडप चिडीचूप. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मास्तरांनी घाबरून पडदाच पाडला.

"तो शेवटचा मुका अभिनय काय केलास रे!" असं लोक मला आजही म्हणतात. मी निर्लज्जपणे ऐकून घेतो.

पडद्यामागे मी जाब विचारायला त्यांना गाठलं. "सोनूबाब, वाक्य कित्याक दिलें ना?"

ते पंच्याची घडी घालत होते. "आमची शालन अशेच हात पुसताली," ते म्हणाले. "कोरडे आसले तरी."

मग त्या मुलीकडे वळून, मान खाली घालून म्हणाले, "बाये, आनी एकदां करून दाखय गो."