मामांचा फोकस

शहापुरातल्या निम्म्या घरांत भिंतीवर टांगलेल्या फोटोतलं बाळ झोपलेलं आहे. याला कारण माझे मामा.

मामांचा हायवेलगत फोटो स्टुडिओ होता. बाळाला चादरीवर बसवलं की ते कॅमेऱ्याला डोळा लावून भिंगाची कडी फिरवत बसत. इकडे जरा, तिकडे जरा. बाळ हसायचं, मग रडायचं, शेवटी दमून झोपायचं. तेव्हा मामा म्हणत, "आता पापणी दिसली!" आणि बटण दाबत. लग्नात तर हार उचलून धरलेल्या नवरदेवाचे हात भरून येत. कोणी घाई केली की म्हणत, "फोकस म्हंजे चुलीवरचं दूध हाये बाबू. नजर हटली का गेलं."

मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो. आमच्या घरातून तिथवर पोचलेला पहिलाच, म्हणून नवं काही दिसलं की मामांना दाखवावंसं वाटे. एकदा मित्राचा आपोआप फोकस करणारा कॅमेरा मागून आणला. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"याले कसं समजते, फोटो कोनाचा काढाचा हाये ते?"

तेवढ्यात मामी ओसरीवर येऊन म्हणाल्या, "आमचा दोघायचा काढ ना. यायले दुसऱ्याचा फोकस पटत नाही, म्हून लग्नापासून एकबी फोटो नाही."

दोघं उभे राहिले. समोर खाटेवर आजोबा, म्हणजे मामींचे सासरे, बसलेले. त्यामुळे दोघांच्या मधे एक माणूस सहज जाईल एवढं अंतर. कॅमेऱ्याने त्या फटीतून नेमकी मागची भिंत पकडली. फोटो धुऊन आला तेव्हा भिंतीचा पोपडा न् पोपडा स्पष्ट, आणि मामा-मामी धुक्यात.

मामा गावभर दाखवत फिरले, "पाहा, मशीननं भिंतीचा फोटो काढला!" मामींनी तो हातात घेतला, पदराने पुसून पुन्हा पाहिला आणि आत गेल्या.

त्याच उन्हाळ्यात मामींच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मामांचा निरोप आला, "तुह्या दोस्ताचा तो कॅमेरा आनजो."

मी कॅमेरा घेऊन पोचलो आणि चाचरत म्हणालो, "पण मामा, मागच्यासारखं झालं तर..."

"नाही होत."

अंगणात आजोबा होते, मामींना भेटायला आलेल्या शेजारणी होत्या. मामा सरळ मामींच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मामी लाजून सरकू लागल्या.

"काहून असे करता? लोक पाहून राहिले."

"पाहू दे. मधात जागा ठेवली का मशीन भटकते."

मी बटण दाबलं. "झाला, मामा."

त्यांनी ऐकलं, मानही हलवली. पण बाजूला झाले नाहीत.