दत्तूआप्पांचा हेर

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पण परवा निपाणीत पुन्हा एकानं त्या हेराच्या मूकपटाला टुकार म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. टुकार? त्याच चित्रपटापायी दत्तूआप्पांनी अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला होता. न्हावी एवढंच म्हणाला होता, की हेर गद्दार निघाला. "बस खाली. पयल्यापासनं सांगतो," आप्पा म्हणाले. गोष्ट संपेस्तोवर गालावरचा साबण वाळला.

दत्तूआप्पा तंबू-थेटरात पडद्याशेजारी काठी घेऊन उभे राहायचे आणि मुक्या चित्रांची गोष्ट सांगायचे, मराठीत आणि मग कानडीत. मारामारी आली की स्वतःच उड्या मारायचे. एकदा खलनायकाला हाणायला गेले आणि पडदा फाडला.

हा चित्रपट ते बेळगावला तीनदा बघून आलेले. आणि होताच तसा! बांगडीवाला बनून हेर शत्रूच्या गढीत शिरतो. दुसऱ्या रिळात धनीच त्याला सांगतो, मला पकडून दे, तरच ते तुझ्यावर विश्वास ठेवतील. तिसऱ्यात तो रडत रडत धन्याला पकडून देतो. पुढं बुरुजावरून थेट घोड्यावर उडी!

तंबूत चित्रं दाखवायचं यंत्र मी चालवायचो. तो चित्रपट आमच्याकडं लागला, त्या दिवशी मी दुसऱ्याच्या आधी तिसऱ्या रिळाचा डबा उघडला. हेरानं विनाकारण धनी विकला, आणि पकडलेला धनी पुढच्या रिळात त्याच्याशी मसलत करत बसला. लोकांनी शेंगांची टरफलं फेकली. आप्पांची काठी थबकली; घोळ कुणाचा, ते त्यांना कळलं होतं. मालक धावत आला तेव्हा म्हणाले, "सांगताना मीच चुकलो." मालकानं त्यांना तिथल्या तिथं काढलं. मी यंत्रामागं रीळ गुंडाळत राहिलो.

चित्रपट दुसऱ्या दिवशी परत गेला. गावानं त्याला भिकार ठरवलं आणि आप्पांना खुळं. पुढं ते तंबाखूच्या वखारीत पानं निवडत आणि भेटेल त्याला ती गोष्ट ओळीनं सांगत. तिच्यात माझं नाव कधी आलं नाही.

ते बोरगावला लेकीकडं अंथरुणाला खिळले, तेव्हा मी माफी मागायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"श्रीपती, तवा तुझी बायको बाळंतीण व्हती. तुला कामावरनं कसा घालवू देणार? ते पोर कितवीत हाय रं आता?"

"मॅट्रिकला बसलंय, आप्पा."

"लई ब्येस."

निकाल लागला की पेढे घेऊन येतो, म्हणालो, आणि उठलो. निकालापर्यंत आप्पा राहिले नाहीत. डबे मी चुकवले, आप्पा, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.