आप्पांच्या केबिनखालचा बिबडा

रतनआप्पा रोज सकाळी आपल्या केबिनखाली अर्धे शिरतात आणि आतून पापड चावल्याचा आवाज येतो. बाहेर उरलेले पाय बघून नवं गिऱ्हाईक दचकतं. मी समोरच्या माझ्या शिलाईच्या दुकानातून सांगतो, "बसा, तपासणी चालली आहे."

उधन्यातल्या आमच्या गल्लीत आप्पांची पत्र्याची चहाची केबिन चार लोखंडी पायांवर उभी आहे. खालच्या रिकाम्या जागेत कुत्री झोपायची. दिवाळीनंतर आप्पांनी ती जागा बंद करून तिथं कोठार करायचं मनावर घेतलं. "साखर ठेवसू," म्हणाले.

आधी त्यांनी चारी बाजूंनी पत्रे ठोकले आणि फटी डांबराने लिंपल्या. मुंगीलाही वाट नाही असा बंदोबस्त. आत बिबडा, म्हणजे आम्हा खानदेशी लोकांचा ज्वारीचा पापड, परीक्षेला ठेवला. आठवड्यात तो ओल्या फडक्यासारखा लोंबायला लागला. जमिनीची ओल आतच कोंडली होती. त्या दुःखात साखर टाकायची विसरून आप्पांनी त्या दिवशीचा चहा सगळ्यांना बिनसाखरेचा पाजला.

मग त्यांनी जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर विटा, विटांवर फळी. समोरासमोरच्या पत्र्यांना जाळ्या बसवल्या. तेव्हापासून जो भेटेल त्याला एकच उपदेश: "हवा मरनी का माल मरना." म्हणजे हवा कोंडून मेली की मालही मेला. माझ्या एका कारागिराचं लग्न मोडलं, तर त्याचीही समजूत याच वाक्यावर काढली.

"साखरेसाठी एवढा खटाटोप?" मी एकदा विचारलं.

आप्पा गाळणी झटकत राहिले. मग हळूच म्हणाले, "साखर नही भाऊ. तिना बिबडासाठे."

'ती' म्हणजे काकू, आप्पांची बायको. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या खोलीतल्या ओलीने काकूंचं वर्षाचं वाळवण बुरसलं होतं. आप्पा बोलून गेले, "बाजारमाईन लई येवू, त्यामा काय." आपल्या हातच्या वाळवणाऐवजी बाजारातून आणू म्हणणं काकूंना फार लागलं. त्या अमळनेरला निघून गेल्या त्या गेल्याच. फोनवर फक्त विचारायच्या, "ओल गयी का?"

भर श्रावणात एक दिवस त्या रिक्षातून उतरल्या. आप्पांनी खालचं दार उघडून आतला बिबडा पुढे केला. काकूंनी तो मोडला. कट्कन आवाज झाला, तेव्हा कुठे आप्पांनी श्वास सोडला.

काकूंनी वाकून फळी पाहिली, जाळीशी हात धरून वारा पाहिला.

"येवढीच जागा?" त्या म्हणाल्या. "रिक्षामा मना तीन डबा सेत."

आप्पा बिबड्यांचे डबे उतरवायला धावले. इकडे चहा उतू गेला. मी जाऊन गॅस बंद केला आणि मला फार बरं वाटलं.