खाजोटीची तीन पानं

१९५६ च्या पावसाळ्यात दारव्हा तालुक्यातल्या टेंभूरझरी गावी मुलींच्या शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी खाजोटी उगवली. ही गोष्ट शासनाच्या परवानगीशिवाय घडली. खाजोटी म्हणजे कमरेएवढं वाढणारं, अंगभर टोचरी लव असलेलं रानटी झाड. पान नुसतं चाटून गेलं तरी पोटरीवर गांधी उठतात आणि माणूस बराच वेळ दुसऱ्या कशाचाही विचार करत नाही. रानात ती पिढ्यान्‌पिढ्या होती. शाळा मात्र नवी होती, त्यामुळे वाट कोणाची हा प्रश्न गावात पहिल्यांदाच निघाला.

शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका विजयमालाबाई अमरावतीहून आल्या होत्या. वय कोवळं, अक्षर देखणं आणि नियमांवर मनापासून श्रद्धा. पटावर वीस मुली आणायला त्यांनी दोन वर्षं गावाचे उंबरे झिजवले होते. हजेरी पंधराच्या खाली गेली की शाळा बंद, हा नियम त्यांना पाठ होता. खाजोटी उगवल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन मुली पाय खाजवत घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. बाईंनी उरलेल्या मोजल्या. सतरा.

दुसऱ्या दिवशी सुग्राबी आपल्या गौहरला सोडायला आली. तिच्या कमरेला विळा खोचलेला होता.

"बाई, तुम्ही फक्त हो म्हना. हाताले पोत्याचा बोरा गुंडाळतो अन्‌ कापून टाकतो. दुपारच्या आत वाट मोकळी."

"नको, सुग्राबी. जागा सरकारी आहे," बाई म्हणाल्या. "आपण रीतसर जाऊ. मी अर्ज करते. आठ दिवसांत माणसं येतील."

सुग्राबीने विळा पुन्हा कमरेला खोचला. शिकलेल्या बाई म्हणतात तर तसंच असेल, असं तिला वाटलं. टेंभूरझरीतला हा शेवटचा व्यवहार्य विचार अशा रीतीने विळ्यासकट घरी गेला.

अर्ज शाळा चालवणाऱ्या जनपद सभेकडे गेला. सभेने कळवलं की शाळा आमची, शाळेचं दारही आमचं. परंतु वाट ही दाराच्या बाहेर सुरू होते. अर्ज महसूल खात्याकडे गेला. महसूल खात्याने कळवलं की सदर वनस्पती गवत असेल तर आमची, झुडूप असेल तर वन खात्याची. वन खात्याने तेच उलट बाजूने लिहून पाठवलं. खाजोटी दोघांनाही नको होती. पण दुसऱ्याने ती कापलेली कोणालाच चालणार नव्हती. शेवटी वन खात्याचा नाकेदार शंकरसिंग पाहणीला आला आणि वाटेवर उभा राहून हळहळला.

"बाई, कागद काहून केला तुम्ही? नसता केला तं म्या इकडे पाह्यलंच नसतं. रातोरात साफ झाली असती. आता कागदावर आली ना ते. ठरल्याशिवाय कोणी हात लावला तं गुन्हा."

"किती दिवसांत ठरेल?"

"गवत हाय का झुडूप, इतकंच तं ठरवाचं हाय," शंकरसिंग म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

तेवढ्यात नोव्हेंबरची पहिली तारीख उजाडली आणि विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. माणसं एका रात्रीत गेली, नद्या गेल्या, कापूस गेला. खाजोटीचा कागद मात्र जुन्या राजधानीत, नागपूरला राहिला. तो मुंबईला पोहोचेपर्यंत उन्हाळा लागला. नव्या राज्याने प्रकरण गांभीर्याने घेतलं आणि प्राध्यापक पडगिलवार नावाचे वनस्पतितज्ज्ञ थेट मे महिन्यात टेंभूरझरीला पाठवले. मे महिन्यात खाजोटी वाळून मातीला मिळालेली असते. वाट स्वच्छ होती. बाईंनी हात जोडून सांगितलं की आत्ताच मुळं खणून काढली तर पुढचं काहीच उरणार नाही. पडगिलवारांनी घाम पुसत शेरा लिहिला: "वनस्पती गैरहजर. तिच्या पश्चात तिच्याविरुद्ध कारवाई करणे उचित नाही."

पावसाळ्यात वनस्पती हजर झाली. पडगिलवारही पुन्हा आले. या खेपेला त्यांच्याबरोबर भिंग होतं, चिमटे होते आणि पानं दाबायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. खाजोटीजवळ जाण्याइतके ते अननुभवी नव्हते. शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून ते बसले आणि शंकरसिंगाने चिमट्याने पानं तोडून आणली. एक पान साधं, करवतीच्या कडेचं. दुसरं तीन बोटांचं. तिसरं पंजासारखं खोल कातरलेलं. पडगिलवारांनी ती तीन वेगळ्या कागदांत ठेवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तीन भिन्न जाती, आणि एकाच ठिकाणी. विलक्षण आहे."

विजयमालाबाईंनी काठीने एक झाड वाकवून धरलं. बुडाशी साधं पान होतं, मध्यावर तीन बोटांचं आणि शेंड्याला पंजा. "सर, ही तिन्ही एकाच झाडाला आहेत."

पडगिलवारांनी झाडाकडे बघितलं. ते त्यांना आवडलं नसावं. "बाई, झाड बघून मत बनवलं की असा गोंधळ होतो. वर्गीकरण पानांवरून होत असतं, झाडावरून नव्हे."

वर्गीकरणाचा आदेश दिवाळीच्या आधी आला. साध्या पानाची ती गवत, म्हणून महसूल खात्याची. तीन बोटांची ती झुडूप, म्हणून वन खात्याची. पंजाची जात मात्र शास्त्राला सर्वस्वी नवीन, म्हणून राष्ट्राची. खाली स्पष्ट लिहिलं होतं: "पहिल्या दोन जाती कापून टाकण्यास हरकत नाही, मात्र तिसरीस धक्का लागता कामा नये." बाईंनी आदेश पुन्हापुन्हा वाचला. आधी त्यांना हसू आलं आणि मग, वर्गात मुली आहेत हे विसरून, त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या.

गावात मात्र आनंदीआनंद झाला. जे जगात कुठे नाही ते आपल्याकडे आहे, ही भावना गावाला नवीन होती. रामराव पाटलांनी पडगिलवारांना हार घातला आणि पदरच्या खर्चाने तिसऱ्या जातीला तारेचं कुंपण करून दिलं. कुंपण सरळ वाटेवर आलं. मुलींनी आता नाला ओलांडून, चिखलातून शाळेत यायचं होतं. हजेरी सोळावर आली.

बाई पाटलांकडे गेल्या. पाटलांची धाकटी मुलगीही येईनाशी झाली होती.

"तुम्हीच मुलगी घरी ठेवून घेतली तर बाकीच्यांनी काय करावं, पाटील?"

"बाई, पोरीची जात हाय. खाजोटी लागली तं अंगावर डाग रायतीन. मंग सोयरीक कोन करन?"

"तुमच्या बांधावर खांद्याएवढी खाजोटी आहे. शाळेतल्या निम्म्या मुली तिथूनच रोज तुमच्या शेतात कापूस वेचायला जातात. त्यांना काही होत नाही?"

रामरावांनी क्षणभर विचार केला. "ते बांधावरची हाय," ते शांतपणे म्हणाले. "तिचं वर्गीकरण नाही झालं अजून."

डिसेंबरात तपासणी झाली तेव्हा वर्गात अकरा मुली होत्या. तपासनीस भला माणूस होता. अहवालात त्याने लिहिलं की शिक्षिका कष्टाळू आहे, परंतु गावात स्त्रीशिक्षणाची आवड नाही. शाळा बंद झाली. इमारत रिकामी ठेवणं हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय ठरला असता, म्हणून ती खाजोटी संशोधन उपकेंद्राला देण्यात आली. बदलीचा हुकूम निघेपर्यंत विजयमालाबाईंना त्याच उपकेंद्रात पानांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं. त्यांचं अक्षर चांगलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात उपकेंद्राच्या उद्घाटनाला मुंबईहून मोठे साहेब येणार असं ठरलं. स्वागतगीताला मुली लागतात. रामरावांनी दवंडी दिली आणि गावातल्या एकूण एक मुली, तेल लावून, वेण्या घालून, धुतलेल्या परकरांत हजर झाल्या. बाईंनी सवयीने मोजल्या. सत्तावीस होत्या. शाळा निघाल्यापासून एवढी हजेरी कधी लागली नव्हती. गौहर पुढच्या रांगेत उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, शाळा परत भरली का?"

 बाईंची नजर वाटेवर गेली होती. वाट मोकळी होती. कुंपण नव्हतं, गवत नव्हतं, झुडूप नव्हतं, राष्ट्राचीही एकसुद्धा जात उभी नव्हती. एक रोप तेवढं कुंडीत घालून, कुंकू लावून, साहेबांच्या खुर्चीपाशी मांडलं होतं. कडेला सुग्राबी हाताचा बोरा सोडत बसली होती.

"कोणी कापली?" बाईंनी विचारलं.

"मीच कापली ना. पाटील सकाळी आले, कुंपन काढलं, म्हने साहेबाच्या धोतराले लागाले नाई पाह्यजे. न्याहारीच्या आत झालं."

बाई शंकरसिंगाकडे वळल्या. तो नव्या गणवेशात फाटकापाशी उभा होता. "आणि परवानगी?"

शंकरसिंगाने खाली पाहिलं. त्यालाही वाईट वाटलं असावं. "कोणी विचारलंच नाही, बाई," तो म्हणाला.

साहेब आले, गीत झालं. रोपाला हात लावू नका असं कोणीतरी सांगेपर्यंत साहेबांनी ते कुरवाळलं होतं, त्यामुळे भाषण थोडक्यात आटोपलं.

महिनाभराने बाईंची बदली बाभुळगावकडच्या एका खेड्यात झाली. निघताना सुग्राबीने त्यांच्या पिशवीत आपला विळा घातला. "नव्या गावाले काई अडलं तं कोनाले इचारू नका, बाई. पयले हात चालवा." बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि तसं वचन दिलं. त्या वेळी त्यांच्या मनात तेच होतं.

नव्या शाळेच्या दारात बाभळीची फांदी आडवी पडलेली होती आणि मुली तिच्याखालून वाकून येत होत्या. विजयमालाबाईंनी पहिल्याच दिवशी पिशवीतून विळा काढला, धारेवरून अंगठा फिरवून पाहिला आणि टेबलापाशी बसून अर्ज लिहायला घेतला. खिडकीतून वारा फार येत होता. विळा त्यांनी कागदावर ठेवला. एक पानही हललं नाही. सुग्राबीने दिलेली वस्तू फार उपयोगी आहे, असं त्या अजून सगळ्यांना सांगतात.

वाचकहो, विळा तुमच्याही घरी असणारच. तो हल्ली कशावर ठेवला आहे, तेवढं एकदा पाहून घ्यावं.