साकवाजवळचे हेबलथ्वेट

‘काम नंतर. आधी आडनाव सांगा.’

समोरच्या दारातून हे ऐकू आलं आणि मी आमच्या दाराची कडी काढता काढता थांबले. सोसायटीचा नवा वॉचमन जिन्यात उभा होता.

‘शेलार.’

‘कुठले शेलार?’

‘साताऱ्याचे. अंकल, मी काय सांगत होतो, पाणी...’

‘साताऱ्यात कुठे? शहरात का डोंगराकडे?’

शेलारांनी गाव सांगितलं, वाडी सांगितली, आईचं माहेरचं आडनावही सांगून टाकलं. मग अंकलनी स्वतःचं सांगायला घेतलं आणि ते नेहमीप्रमाणे बराच वेळ चाललं. शेवटी शेलारांना बोलायला मिळालं तेव्हा कळलं की टाकी धुवायची असल्यामुळे पाणी आता जाईल, भरून ठेवा, एवढं सांगायला ते आले होते. पाणी तोवर गेलं होतं. आईने रिकामी बादली मुद्दाम दारात आणून ठेवली, अंकलना दिसेल अशी.

‘वहिनी, पाणी काय, येतं आणि जातं,’ अंकल म्हणाले. ‘माणसाचं मूळ कळायला पाहिजे.’

अंकल म्हणजे रॉनी हेबलथ्वेट, आमच्या समोरच्या वन रूम किचनमध्ये एकटे राहायचे. जन्म इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतला, नोकरी तिथल्याच लोको शेडमधली. खाकी हाफ पँट, पट्ट्याऐवजी दोन सस्पेंडर आणि तोंडात इगतपुरीची ठसठशीत मराठी. ऐरोली तेव्हा नवीनच वसत होती, मुलुंडचा पूल अजून व्हायचा होता, आणि आमच्या बिल्डिंगमधला प्रत्येकजण कुठून तरी येऊन पडलेला होता. त्यामुळे ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न सगळेच एकमेकांना विचारत. पण ज्याला तो विचारायची हिंमत कोणी करत नव्हतं, तोच माणूस त्याचं उत्तर द्यायला टपलेला होता.

‘इंग्लंडात यॉर्कशायर, तिथली एक दरी,’ अंकल सुरू करायचे. ‘हेबल म्हणजे ओढ्यावर टाकलेली फळी. तुमच्या कोकणात काय म्हणतात, साकव. थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. साकवाजवळच्या मोकळ्या जागेत राहणारे ते हेबलथ्वेट. तुमच्यात असतो तर साकवकर झालो असतो. सेम टू सेम.’ मग एक घोट पाणी. ‘पणजोबा कसारा घाटात रेल्वेचा पूल बांधायला आले. आडनावातच पूल, माणूस दुसरं काय करणार?’

‘आणि इकडे तुमचे लोक किती?’ कोणी विचारलंच, तर ते दोन बोटांची चिमूट करून दाखवत. ‘मोजके. एकदम सिलेक्ट माल.’

खाली एसटीडी-आयएसडीचा बूथ होता म्हात्रे काकांचा. म्हात्रे इथल्याच गावचे, मिठागराची जमीन गेली आणि हा गाळा आला. ते अंकलना सोडत नसत.

‘अंकल, तुमचा गाव पन सरकारनी घेतला काय? एक मानूस गावत नाय तुमचा.’

‘म्हात्रे, तुमचे पन्नास एका गल्लीत. तुम्हाला काय कळणार?’

‘पन्नास हाव, म्हनून तर रोज भांडन हाय.’

अंकलकडे फोन होता, पण तो कधी वाजलेला मी ऐकला नाही. आईने एकदा विचारलं, कोणाला करता हो फोन? अंकलना प्रश्नच कळला नाही. ‘करायला कशाला? डिरेक्टरीत नाव येतं ना.’ नवी डिरेक्टरी आली की ते ती मांडीवर घेऊन बसत, आपल्या नावावर बोट ठेवत, मग वर एकदा आणि खाली एकदा बघत. वर हेब्बार, खाली हेडे. बाजूला कोणी आलेलं नसे. तरी पुढच्या डिरेक्टरीची वाट बघणं लगेच सुरू.

आता माझं थोडं. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मला दोन भाषांमध्ये गप्प बसता येत असे. फोन वाजला की मी बाथरूममध्ये जात असे. महाप्याच्या कंपनीत काम कॉम्प्युटरशी होतं, म्हणून नोकरी टिकली होती. अंकलना माझं हे गप्प बसणं फार आवडायचं. ‘बेबी ऐकते,’ ते आईला सांगत. ‘तुम्ही नुसत्या थांबता, वहिनी.’

आमच्या ऑफिसात इंटरनेट आलं, हे मी त्यांना का सांगितलं मला अजून कळत नाही. मी आपणहून कोणाला काही सांगत नसे. अंकलनी हातातला कप खाली ठेवला.

‘तुझ्या मशीनमध्ये आमचं नाव टाकता येईल?’

मी दुसऱ्या दिवशी टाकलं. स्क्रीनवर एक पान हळूहळू वरून खाली उतरत गेलं, आणि खुर्चीतून मी चक्क उठून उभी राहिले. यॉर्कशायरमधल्या कोणा म्हाताऱ्या हेबलथ्वेटने हौसेने बनवलेलं पान होतं. वर तोच अर्थ, फळी आणि मोकळी जागा. खाली जगाचा नकाशा. जिथे जिथे या नावाची माणसं आहेत तिथे ठिपका, आणि जितकी माणसं जास्त तितका ठिपका मोठा. त्या एका दरीत शाई सांडल्यासारखं काळं, ऑस्ट्रेलियात थोडे, कॅनडात दोनचार. खाली लिहिलं होतं, कोणी नोंदायचे राहिले असाल तर फोन करा. नंबर होता.

प्रिंट घेऊन मी जिना धावत चढले. अंकलनी नकाशा खिडकीशी धरला.

‘इंडिया कोरा आहे,’ ते म्हणाले.

‘त्यांना माहीतच नसेल, अंकल.’

‘बेबी, इथे ठिपका पाहिजे. इथे.’ आणि त्यांनी मुंबईच्या किंचित उजवीकडे, अंदाजाने ऐरोलीवर, नख रोवलं.

अंकलच्या फोनला आयएसडी नव्हतं, म्हणून म्हात्रे काकांच्या बूथवरून रविवारी दुपारी फोन करायचं ठरलं, म्हणजे तिकडे सकाळ. ही बातमी मी फक्त आईला सांगितली होती, म्हणजे सगळ्यांना. बूथबाहेर आई, तिच्याबरोबर आमच्या मजल्यावरच्या तिघी, गेट सोडून आलेले शेलार. म्हात्रे काकांनी खुर्च्या मांडल्या होत्या आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना सरळ हाकलत होते. ‘आज लाइन बिझी हाय. अंकलचा गाव गावला.’ अंकल टाय लावून आले. मग काचेच्या खोक्यात शिरताना त्यांनी मलाही आत ओढलं. ‘नंबर तू लाव. आडनाव मी सांगतो.’

मी नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांना दिला. जागा इतकी कमी की पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. अंकलनी छाती भरून आपलं आडनाव सांगितलं. क्षणभर खरखर. मग त्या बाजूने, सावकाश, तेच आडनाव परत आलं. अंकलनी डोळे मिटले. माझ्या तेव्हा लक्षात आलं की या बिल्डिंगमध्ये आम्ही सगळेच त्यांना नुसतं अंकल म्हणत होतो.

त्यानंतर ते सुटले. इगतपुरी, लोको शेड, पणजोबा, घाटातला पूल. पलीकडचा म्हातारा हसत होता, मधेच कोणाला तरी हाका मारून फोनपाशी बोलावत होता. बाहेर म्हात्रे काका काचेला नाक लावून, काय म्हनतो, काय म्हनतो, असं हाताने विचारत होते. मग म्हातारा म्हणाला, थांबा, नकाशा घेतो. आणि विचारलं:

तुम्ही तिकडे किती जण आहात?

मी अंकलच्या चिमटीची वाट बघत होते, सिलेक्ट मालाची. त्यांनी बोटं उचलली आणि तशीच खाली घेतली. बहीण लग्न होऊन पर्थला गेली, आडनाव बदललं, हे त्यांनी सांगितलं होतं. चुलत भाऊ खरगपूरला होता. ते सांगताना ते नेहमी ‘होता’ म्हणत. मी ते सगळं ऐकलं होतं आणि कधी बेरीज केली नव्हती.

पलीकडून पुन्हा प्रश्न आला. अंकलनी रिसीव्हर छातीवर, टायवर दाबून धरला आणि माझ्याकडे बघितलं.

काचेपलीकडे आई टाचा उंचावून आत बघत होती. शेलारांनी टोपी काढून हातात घेतली होती. म्हात्रे काकांनी अंगठा वर करून दाखवला, कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी रिसीव्हर घेतला. कानाशी धरला. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

‘मी ऐरोलीहून बोलतेय, हेबलथ्वेट यांच्या घरून. आम्ही इथे पुष्कळ आहोत. ठिपका मोठा काढा.’