मागून येणारी शिट्टी

सकाळी सहाच्या थंडीत पांझरा नदीच्या काठाने चाललेल्या रतिलाल नानांच्या मागे कुणीतरी येत होतं. पाऊल वाजत नव्हतं, श्वास वाजत होता. सुंऽऽ सुंऽऽ आणि शेवटी बारीक शिट्टी. नाना थांबले की ती मंदावायची, नाना झपाझप चालले की तिलाही घाई व्हायची.

मागे वळून दिसणार काय, कपाळ? धुकं, जळत्या कचऱ्याचा धूर आणि खोदलेल्या रस्त्याची धूळ यांचा असा काला झाला होता की नानांना हातातली काठीसुद्धा अर्धीच दिसत होती. पण शिट्टी ओळखीची होती. नानांचे फिरायचे सोबती अभिमन आबा दहा वर्षं अशीच शिट्टी वाजवत नानांच्या दोन पावलं मागे चालायचे. गेल्या पौषात छातीच्या दुखण्याने ते गेले.

"आबा, मना मांगे कसाले लागना?" नानांनी धुक्याला विचारलं.

उत्तरादाखल शिट्टी चढली. सदुसष्ट वर्षांचे नाना धूम पळत सुटले. शिट्टी अगदी कानाशी आली.

"रत्ना, आबा माले लेवाले उना!" आबा न्यायलाच आले या धास्तीने घराच्या दारातच त्यांनी बसकण मारली.

रत्नाकाकूंनी नवऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "भरीतमा जीव अडकना हुई त्यासना. आगारी टाका, निंघी जाई."

आगारी म्हणजे पितरांसाठी निखाऱ्यावर घास आणि तूप टाकायचं, ते त्यांना पोचतं. फ्लॅटच्या गॅलरीत कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली गेली आणि निखाऱ्यांचं घमेलं हॉलमध्ये आलं. आबांना गारठा सोसत नसे, म्हणून खिडक्या नानांनी आठवणीने बंद केल्या. भरिताचा घास पडला, तूप पडलं, धूर उठला आणि शिट्टी थेट हॉलमध्ये वाजू लागली.

"उना!" नाना पुटपुटले. "आबा, आजून तूप ल्या!"

जितकं तूप, तितका धूर आणि तितकी शिट्टी मोठी. नाना ओरडणार तोच घाबरलेल्या काकूंनी त्यांचं नाक-तोंड पदराने दाबलं. शिट्टी बंद. पदर काढला, शिट्टी सुरू. काकूंनी पुन्हा दाबून पाहिलं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आबा तुमनी छातीमा शे."

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर नौशीनचा दवाखाना होता. पोरगी हुशार, रोज त्याच धुळीच्या रस्त्याने स्कूटीवर यायची. तिने नानांच्या छातीला नळी लावली, आगारीची हकीकत ऐकून डोक्याला हात लावला.

"नाना, धूर, धूळ आणि थंडी. श्वासनळ्या आवळल्यात. आबांचंही हेच होतं."

नानांची भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते वाईट होतं. दहा वर्षं तो माणूस मागे धापा टाकत होता आणि आपण रोज काय म्हणत होतो? पाय उचल. नानांना रडू आलं.

तिने श्वासाचा पंप दिला, नानांनी ओढला. दहा मिनिटांनी तिने पुन्हा नळी लावली. "बघा, छाती शांत."

तेवढ्यात शिट्टी वाजली.

काकूंनी लगेच नानांचं तोंड दाबलं. शिट्टी वाजतच राहिली. डॉक्टर नौशीनने नानांच्या छातीवरची नळी सावकाश उचलून स्वतःच्या छातीला लावली आणि ती ऐकत राहिली.

"मला काही होत नाही," ती घाईने म्हणाली. "बाहेर गर्दी आहे. पुढचा पेशंट पाठवा."

नाना उठले, पण दाराकडे गेले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

"आबाबी असंच म्हने," ते म्हणाले. "बाहेर बठ्ठासले थांबू दे. तू बस, बेटा. आज मी थांबस."